सृष्टीच्या गालांचा बंदोबस्त

सदाशिव पेठेतल्या त्या स्किन क्लिनिकात शिरलं की पहिला दिसायचा तो काउंटरवरच्या सृष्टीचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर होत्या पुटकुळ्या. आता बोला! टक्कल पडलेला माणूस केसांचं तेल विकतो, तेव्हा कुणी हूं का चूं करत नाही. पण सृष्टीला बघून पेशंट आधी भिंतीवरच्या गुळगुळीत गालांचे फोटो बघायचे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि मग आपण चपला कुठे काढल्या ते आठवू लागायचे.

क्लिनिकचा कारभार डॉक्टर आमोद यांच्या पत्नी, अपूर्वा मॅडम, बघायच्या. त्यांनी एक दिवस तिला गोडीगुलाबीने बजावलं, "सृष्टी, जरा फ्रेश दिसत जा गं. गालांना थोडं ब्लश वगैरे. नाहीतर तुला आत फाइल्सकडे देऊ. तिथे काय, चेहऱ्याचा प्रश्नच नाही."

आत म्हणजे जिन्याखालची, खिडकी नसलेली खोली. पोरगी वाशिमहून आलेली. तिच्या आईने गल्लीभर सांगून ठेवलं होतं, की आमच्या सृष्टीला विचारल्याबिगर पुण्यात कोणाला डॉक्टर भेटत नाही. आणि ते खोटंही नव्हतं. गावी जिला कुणी दोनदा हाक मारली नव्हती, तिच्यापुढे इथे भलीभली माणसं "मॅडम, आमचा नंबर कधी?" म्हणून अजिजी करायची. ती खुर्ची तिला जीव की प्राण होती.

तिने डॉक्टरांना विचारलं, "सर, माझ्या स्किनला कुठलं ब्लश चालेल?" डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "मेकअप पूर्ण बंद." समोर भिंत असती तर तिलाही त्यांनी हेच सांगितलं असतं. मॅडम म्हणतात लाव, डॉक्टर म्हणतात बंद कर, आणि संध्याकाळी दोघं एकाच गाडीतून हसत घरी जातात. नोकरी कुणाची जाणार? हिची.

मग बिचारीने मोबाइलवर वाचून वाचून डोळे फोडून घेतले. क्रीमचं ब्लश तेलकट, त्याने हिची रंध्रं बुजणार, ते नको. खोबरेल घातलेलं नको. सुगंधी नको, गाल भाजतात. चमकीवालं तर नकोच नको, एकेक पुटकुळी दिवाळीच्या माळेसारखी लखलखते. शेवटी बिनवासाची, बिनचमकीची पावडर आणली. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून काही दिवस वाट बघितली. कोपर शहाण्यासारखं गप्प बसलं. गालांना लावली, आणि आठवड्याच्या आत गाल पेटले.

गुलाबी गेली, पीच आली. पीच गेली, विटकरी आली. ब्रश तर इतका धुतला की त्याचे केस गळायला लागले. वेटिंगमधल्या बायकाही मदतीला धावल्या. "पोट साफ होतं का गं तुझं?" एकीने भर गर्दीत खणखणीत आवाजात विचारलं. सगळं क्लिनिक उत्तराची वाट बघत थांबलं.

सृष्टी खडकीला मंदाकिनीकाकूंकडे कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं भरून, राहायची आणि स्कूटरवरून कामाला यायची. काकूंचं बोलणं मोजकं, पण लागायचं. एका रविवारी त्यांनी दारामागची ओढणी दोन बोटांत धरून आणली. "ही तुझी का? इतकी कडक झालीय, मला वाटलं, भिंतीला टेकून कोणी उभं आहे."

पुण्याच्या मुली स्कूटरवर जी ओढणी तोंडाला गुंडाळतात, तीच ही. फक्त डोळे उघडे. सख्खा बापही ओळखणार नाही. काकूंनी ती आतून उलटी केली. गुलाबी, पीच, विटकरी, सगळे रंग एकावर एक बसलेले, वर सनस्क्रीन, घाम आणि रस्त्याचा धूर.

"कधी धुतली होतीस?"

सृष्टी आठवू लागली. तिला आठवेना.

"धन्य आहे! ब्रश रोज धुतेस, आणि हे फडकं रोज तोंडाला बांधतेस. मग ती पावडर तरी काय करील बापडी?"

सृष्टीला इतकी लाज वाटली की त्या दिवशी ब्लशची गरजच पडली नाही. तिने आणखी दोन सुती ओढण्या घेतल्या आणि रोज धुतलेली बांधू लागली. हळूहळू गाल निवले. मग तीच पहिली गुलाबी पावडर हलक्या हाताने लावली, तर अशी बसली म्हणून सांगू! मॅडमनी स्वतःहून तिचा फोटो काढला. पेशंट आता काउंटरवर रेंगाळू लागले.

अशातच ओवी नावाची कॉलेजची मुलगी आईबरोबर आली. मोठं पॅकेज ठरलं होतं, आईची पर्स उघडली होती. ओवी सृष्टीच्या गालांकडे बघत म्हणाली, "ताई, किती क्लिअर स्किन! सरांचीच ट्रीटमेंट ना?"

मागे मॅडम उभ्या होत्या. सृष्टीला फक्त "हो" म्हणायचं होतं. पण ओवीच्या हातात नुकतीच तोंडावरून सोडलेली ओढणी होती, कडक, मळकी. आणि ओवी बोलताना सारखा हाताने गाल झाकत होती. ते काही सृष्टीला बघवेना.

"नाही गं," ती म्हणाली. "मी ओढणी धुवायला लागले. आधी ते करून बघ."

आईने पर्सची चेन ओढली. "बघू महिनाभर. मग येतो."

दोघी गेल्यावर मॅडम हसून म्हणाल्या, "उद्यापासून तू आत फाइल्सकडे."

"पण मॅडम, आता तर माझा चेहरा..."

"चेहरा छानच आहे गं. जिभेचं काय करू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. "अगं माय! कशी झकास दिसून राह्यली वं तू! आता तं तुह्याकडे पाहूनच पेशंट येत असतीन!"

मागचं फाइल्सचं कपाट दिसू नये म्हणून सृष्टीने फोन तोंडाजवळ धरला. "हो ना, आई," ती म्हणाली, "खूप गर्दी असते."