चुलीपुढची पेज

लेक दोन वर्षांची झाली आणि तिला अड्याळजवळच्या आमच्या गावी सासूबाईंपाशी ठेवून आम्ही पुण्याकडे कंपनीत कामाला आलो. सातवीतून शाळा सुटलेल्या बाईला पॅकिंगचं काम मिळालं, हेच खूप. खोली एवढीशी, दिवसभर दोघंही बाहेर. सासूबाई स्वतःच म्हणाल्या होत्या, "पोरगी माझ्यापाशी राहू दे." ते उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच त्यांना काही सांगायचं झालं की माझी जीभ जड होते.

आमच्याकडे भात पसवतात. उकळत्या भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, झाकण दाबून तिरपा करायचा आणि पेज, ते भाताचं पांढरं पाणी, घमेल्यात काढायची. घमेलं तिथंच चुलीपुढे खाली ठेवायचं. निवली की म्हशीला. पेज पाण्यापेक्षा वाईट, अंगाला चिकटून बसते. माझ्या माहेरी शेजारचं एक पोरगं मागच्या मागे असल्याच घमेल्यात बसलं होतं. आता मोठं झालंय, पण मांडीची कातडी अजून ओढलेली आहे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी व्हिडिओ कॉल लावला. धानाची रोवणी चालू होती, रोवणाऱ्या बायांसाठी मोठा गंज चढलेला. सासूबाईंनी फोन भिंतीला टेकवला, पेज काढली आणि "बकरी सुटली वाटते, पाहून येतो" म्हणत बाहेर गेल्या.

लेक समोरच्या दारात होती. फोनमध्ये मला पाहून हसली. तिच्या आणि फोनच्या मधोमध घमेलं. वाफ दिसत होती.

"आई!" म्हणत ती निघाली. माझ्याकडे पाहत. खाली कुठं बघते ती?

ओरडले तर ती धावतच येईल. "थांब" म्हटलं की तिला खेळ वाटतो. मी कॅमेऱ्यावर अंगठा दाबला आणि तोंडातून आवाज काढला नाही. मला ती दिसत होती, तिला मी नाही. ती थांबली. घमेल्यापासून हातभर. "आई?" पुन्हा "आई?" मग तिनं भोकाड पसरलं. रड बाई, मी मनात म्हणत होते, अजून मोठ्यानं रड.

सासूबाई धावत आल्या. "काहून रडून राहिली वं?" तिला कडेवर घेतलं, तेव्हा मी अंगठा काढला.

"आई, ते घमेलं..." मी सासूबाईंना म्हटलं.

त्यांनी खाली पाहिलं. "काई झालं तं नाई ना? दोन पोरं वाढवली मी ह्याच चुलीपाशी. तू तिकडून मले शिकवून राहिली?"

"शिकवत नाही, आई. तुम्ही नसता तर तिचं कोण होतं? पण पेज खाली नका ठेवू. पाया पडते."

"मंग कुठं ठेवू, डोक्यावर?"

फोन बंद झाला. दुपारभर खोक्यांना टेप लावताना डोक्यात एकच होतं. रागानं "घेऊन जा तुही पोरगी" म्हणाल्या, तर नेऊ कुठं?

दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन लावला. घमेलं मागच्या उंच ओट्यावर, वर परात, परातीवर दगड. "घे, कर चेकिंग, साहेबीणबाई!" मी हसले आणि रडूही आलं.

"आणि आंघोळीचं पाणी?" विचारलंच मी.

"बाल्टीत आधी थंड टाकतो, मंग गरम. झालं? का आता चूलबी इझवू?"

लेक मात्र, मी फोनमधून अशी नाहीशी झाले त्या दिवसापासून, फोन दिसला की आजीच्या पदराआड जाते. मी हाक मारते, ती मान फिरवते. आजी म्हणते, "जा ना, माय होय तुही."

मी म्हणते, राहू द्या. चूल पेटलेली आहे तोवर तिथंच राहू द्या.