पाटसच्या अलीकडे पांढरा धूर

शिरूरहून दौंडला जायचं तर गुमान एसटी धर, असं मला सगळ्यांनी बजावलं होतं. पण मामांच्या जुन्या डिझेल पिकअपमधून जायची माझी हौस दांडगी. मामा नर्सरीची रोपं घेऊन दौंडला निघालेच होते, वाटेत पारगावला त्यांच्या लेकीच्या, म्हणजे सुनीताच्या सासरी मुक्काम. मला भीमा बघायची होती. चढले गाडीत.

न्हावऱ्यापर्यंत रस्ता झकास. तिथं मिसळ खा, ऐंशी रुपयांत पोट भरतं, फक्त तर्री बेतानं मागा. पुढं उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलात की घाई विसरायची. संध्याकाळी पुलावरून भीमा पाहिली आणि सगळ्या खड्ड्यांना माफ करून टाकलं.

सुनीताच्या सासऱ्यांनी, आबांनी, पाहुणचारात काही कमी ठेवलं नाही. पुरणपोळी झाली, मामांना टॉवेल-टोपी, मला खण. सकाळी चहा घेऊन निघालो.

चौफुल्याला हायवेला लागलो आणि पाटसच्या अलीकडे गाडी आचके द्यायला लागली. आरशात बघते तर काय, मागचा रस्ताच गायब! नुसता पांढराफटक धूर. मी किंचाळले. मामांनी गाडी तशीच रेटत पाटसकडं नेली. या गाडीवर त्यांचं घर चालतं. इंजिन खोलायची वेळ आली तर ती भंगारात जाणार, हे ते दिवाळीपासून म्हणत होते.

पाटसच्या गॅरेजवाल्यानं लांबूनच धूर बघितला आणि हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागणार म्हणून सांगून टाकलं. मामा तिथल्याच एका टायरवर बसले.

"मग संपलं," एवढंच म्हणाले. मला रडूच कोसळलं.

इंजिन निवल्यावर गॅरेजवाल्यानं रेडिएटरचं झाकण काढलं, तर पाणी काठोकाठ. गॅस्केट गेलं असतं तर पाणी उतरलं असतं आणि धुराला गोडसर वास आला असता, असं तोच पुटपुटला. गाडी चालू करून सायलेन्सरपाशी वाकला, तर डोळे चुरचुरवणारा कच्च्या डिझेलचा वास. मग फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून त्यानं काचेच्या बाटलीत डिझेल धरलं. वर डिझेल, खाली निम्मं पाणी!

"टाकीत पाणी हाय, मामा. डिझेल कुठं भरलं?"

निघताना पंपावर, मामा म्हणाले. माझं डोकंच फिरलं. त्या पंपवाल्याला मनातल्या मनात उभा-आडवा झोडपत मी ऑनलाइन तक्रार लिहायला फोन काढला, तोच सुनीताचा फोन मामांना आला. त्यांनी स्पीकर लावला. ती वडलांना दादाच म्हणते.

"दादा, कळलं का न्हाई? आबांनी पहाटं तुमची टाकी भरलीया, ट्रॅक्टरच्या बॅरलमधनं. व्याह्याची गाडी रिकामी पाठवायची न्हाई म्हणत्यात. सांगू नको म्हणले व्हते."

तो बॅरल मी पाहिला होता. झाकण हरवलेलं, तोंडाला फडकं, पावसाळाभर अंगणात उघड्यावर. आणि मामांच्या गाडीचा काटा कित्येक वर्षं पाऊण टाकीवरच अडकलेला, कळणार तरी कसं?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी हातानंच मला गप्प केलं.

"आबांना सांग, गाडी लई भारी पळतीया," म्हणाले आणि फोन ठेवला. लेक तिथं नांदतेय, त्या माणसाचा जीव का दुखवायचा, असं मला नंतर बोलले.

टाकी उपसली, फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली. गाडी थोडा वेळ भकभकली आणि धूर विरला. मामांनी डोळे पुसले. धुरानं झोंबले म्हणे. दौंडला रोपं पोचली तेव्हा काहींनी माना टाकल्या होत्या, पण पाणी शिंपडल्यावर सावरली.

घरी येऊन महिना झाला तरी आरसा बघितला की मला तो धूर आठवतो. एसटीनं गेले असते तर भीमा दिसली असती, मामा दिसले नसते.

परवा ते पुन्हा पारगावला गेले. जाताना न्हावऱ्याच्या पंपावर त्यांनी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली, थेंबाचीबी जागा ठेवायची न्हाई म्हणून. काल मी फोन केला आणि या खेपेला तरी सुटलात का, विचारलं.

"आबांनी झाकण उघडून बघितलं, टाकी भरलेली. मग कॅन भरून हौद्यात ठिवला."

"मग?"

"मग काय, राम राम घातला आन् निघालो."