डाव्या हाताची सुरी

मला जुन्या, हातांनी घडवलेल्या सुऱ्या जमवायचा नाद आहे. पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक अख्खी भिंत त्यांनी भरली आहे. कळंबोलीच्या भंगारात सापडलेला सरहद्दीकडचा पठाणी सुरा आहे, आपल्याकडच्या लोहारांचे कोयते आहेत. बायको म्हणते, "भिंतीवर तीस सुऱ्या, पण कांदा चिरायला एक मिळेल तर शपथ." म्हणू दे. रविवारी सकाळी चहा घेऊन त्या भिंतीसमोर बसलो की मला दुसरं काही नको असतं.

त्यातली सगळ्यात लाडकी सुरी करंजा बंदरावरच्या एका मावशींची. त्या तिथे मासळी विकायच्या. डाव्या हाताने सुरमईचे असे सपासप तुकडे करायच्या की मी मासळी सोडून सुरीच बघत राहायचो. गावच्या लोहाराने ती ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यापासून घडवलेली. मी चार वर्षं मागे लागलो होतो. शेवटी गुडघ्यांनी धंदा सोडायला लावला, तेव्हा त्या कबूल झाल्या. मी हात पुढे केला, तर त्यांनी सुरी खाली फरशीवर ठेवली.

"हातात देत नाय आमी. भांडण होतं. उचला. अन् नीट ठेवली नाय तं परत नेईन."

घरी आणून पाहिली तर धार पात्याच्या एकाच अंगाने काढलेली, तीही उलट्या अंगाने. मला वाटलं, लोहार चुकला. मी शहाणा ना. धारवाल्याकडून दोन्ही अंगांनी घासून घेतली, चकचकीत केली आणि भिंतीवर लावली.

गेल्या महिन्यात मावशी डॉक्टरकडे पनवेलला आल्या, तशाच सुरी बघायला घरी आल्या. धारेवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"कोनी केलं हे?"

"मीच करून घेतली. धार उलटी होती म्हणून."

"उलटी कशी? मी डावरी हाय. माझ्या हाताला बघून लावलेली धार होती ती."

मग त्यांनी मला असं झापलं की बायकोलाही माझी दया आली. "तीस टांगल्यात, पन एकीची वळख नाय तुमाला." मी मान खाली घालून ऐकत होतो. लाज वाटत होतीच, पण खरं सांगतो, भीती जास्त वाटत होती. आता ही सुरी त्यांच्या पिशवीत जाणार.

त्यांनी धारेचा दगड मागितला. गॅलरीत पाय पसरून बसल्या आणि पाणी शिंपडत दोन तास घासत राहिल्या. बायकोने दोनदा चहा दिला. शेवटी एक टोमॅटो मागून घेतला आणि डाव्या हाताने त्याची कागदासारखी चकती काढली.

"अर्धी आली. बाकीची तुमी रोज थोडी घासा. ह्याच अंगाने."

त्यांनी सुरी पदराला पुसली. म्हणजे ती राहणार होती. त्या आता ती खाली ठेवतील म्हणून मी वाकलो. पण त्यांनी मूठ माझ्याकडे करून सुरी सरळ पुढे धरली.

"धरा हातात," त्या म्हणाल्या. "भांडण तं झालं."