तोंडपाठ ओळख

आमच्या खानदेशी माणसाला "तुम्ही कोण?" असं विचारलं की त्याचं उत्तर एका दमात संपत नाही. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. मग कोणाची सून, कोणाची मुलगी, आणि सगळ्यात शेवटी मामाचं गाव. मामाच्या गावापर्यंत पोहोचलं की समोरचा माणूस कुठून ना कुठून नात्यातला निघतोच. सुरतेसारख्या परमुलखात हे फार कामाला येतं. लग्नानंतर आम्हाला बमरोलीत खोली मिळाली तीसुद्धा अशीच. घरमालकाच्या साडूचं गाव आणि माझ्या मामाचं गाव शेजारी-शेजारी निघालं आणि किल्ली हातात आली. म्हणून या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. एकदा मात्र तिनं मला चांगलंच तोंडघशी पाडलं.

मला साडी नेसवता येते. हे ऐकून लोक हसतात, कारण साडी कोणाला नेसता येत नाही? पण स्वतः नेसणं वेगळं आणि दुसऱ्याला नेसवणं वेगळं. दुसऱ्याच्या अंगावरच्या निऱ्या जमिनीला टेकतील पण लोळणार नाहीत, अशा बसवायच्या म्हणजे त्या बाईची चाल आधी बघावी लागते. काही बायका फताड्या पावलांनी चालतात, काही पाय आपटतात, आणि नवरी तर त्या दिवशी कशी चालेल याचा देवालाही भरवसा नसतो. आमच्या वस्तीत कोणाचंही लग्न असलं की नवरीला नेसवायला मला बोलावणं यायचं. मी जायची, तोंडात टाचण्या धरून तासभर खपायची, आणि जेवून घरी यायची. कोणी "हाताला वळण आहे हो" म्हटलं की खूश व्हायची. खोटं कशाला सांगू, रस्त्यातून जाणाऱ्या अनोळखी बाईच्या निऱ्या वाकड्या दिसल्या तर अजूनही माझे हात शिवशिवतात.

तर ती गोष्ट सुरतेजवळच्या कामरेजची. नवऱ्याच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. नवरीला विधीसाठी नऊवारी नेसवली, मग स्वागत समारंभासाठी सहावारी, तीही गुजराती पद्धतीनं, पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला. नवऱ्या मुलाच्या मालकाची बायको नवरीला भेटायला खोलीत आली. गुजराती बाई, अंगावरची साडी साधी पण नेसलेली अशी की मी आधी तिच्याकडेच बघत राहिले. तिनं नवरीचा चेहरा पाहायच्या आधी निऱ्या पाहिल्या. वाकून हात लावून पाहिल्या.

"आ साडी कोणे पहेरावी?" तिनं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तमे कोण?"

आणि मी सुरू झाले. जिल्हा सांगितला, तालुका सांगितला. नवरीची मी चुलत काकू लागते ते सांगितलं. मोठे दीर कुठे असतात, आमचे हे पलसाण्याला कापडाच्या डाइंग मिलमध्ये आहेत, सासूबाई आमच्याकडेच असतात. तोंडात दोन टाचण्या होत्या, त्या न काढताच मी मामाच्या गावापर्यंत गेले. बाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "सरस" म्हणाली आणि जेवायला निघून गेली.

पंगतीत माझी मोठी जाऊ शेजारी बसली होती. ती घरी साड्यांना लेस लावायचं काम करते, कापड मार्केटमध्ये तिची जा-ये असते, तिला सगळ्यांची माहिती. ती सहज म्हणाली की ही बाई आणि तिचा नवरा साड्यांचे केटलॉग काढतात, आणि मॉडेल मुलींना साडी नेसवायला त्यांना चांगली बाई सापडत नाहीये. मी मान वर करून पाहिलं तर ती बाई गाडीत बसत होती.

मला ते काम हवं होतं. चार पैसे मिळाले असते तर नको होते असं नाही, पण खरं कारण वेगळं होतं. या शहरात रोज हजारो साड्या विणल्या जातात, रंगवल्या जातात, घडी घालून पाठवल्या जातात. आमच्या घरातलं प्रत्येक माणूस त्या कापडाला कुठे ना कुठे हात लावतं. मला ते कापड शेवटी अंगावर कसं दिसतं, ते माझ्या हातानं घडवायचं होतं. आणि "तुम्ही काय करता?" असं कोणी विचारलं तर "काही नाही, घरीच असते" याच्या पुढे एक वाक्य हवं होतं.

सासूबाईंना जावेनं सगळा प्रकार साग्रसंगीत सांगितला. टाचण्यांसकट. त्या लसूण सोलत होत्या. सोलता सोलता म्हणाल्या, "बठ्ठास्नं सांगं तू. तुनंच राही गयं."

सगळ्यांचं सांगितलंस, तुझंच राहून गेलं. मला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. मी म्हटलं, अचानक विचारल्यावर काय सुचणार? त्यावर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी काही भलतंच बोलले होते.

आता इथे सासूबाईंची ओळख करून देणं भाग आहे. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात लग्नानंतर दार अडवायचा मान त्यांचा. नवी नवरी उंबऱ्यापाशी आली की त्या दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या राहतात आणि नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. नवरी लाजली, विसरली, रडकुंडीला आली तरी नाही. त्यांचं म्हणणं असं की दार कोण, कुठे, कधी अडवेल ते आधी कळत नसतं, म्हणून बाईनं उखाणा तोंडपाठ ठेवायचा असतो. त्या दिवशी लसणाची परात बाजूला सरकवून त्या म्हणाल्या, "नवरानं नाव बठ्ठास्ले पाठ शे. आपलं कोनलेच पाठ नही." नवऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ, आपलं कोणालाच नाही.

मग त्यांनी मला तयारीलाच बसवलं. उखाण्यासारखंच करायचं, छोटं आणि गोड, श्वास पुरला पाहिजे. गुजरातीत करायचं हे जावेनं ठरवलं, कारण तिची गुजराती आमच्यात सगळ्यात चांगली. आमचे हे कामावरून आले की त्यात भर घालायला बघायचे. अनुभव घाल, लग्नांचा आकडा घाल. सासूबाई प्रत्येक वेळी ते काढून टाकायच्या. त्यांना एकच कसोटी ठाऊक होती: दारात उभ्या असलेल्या बाईला ऐकायचा कंटाळा यायच्या आत संपलं पाहिजे. शेवटी जे उरलं ते असं: "हुं साडी पहेरावुं छुं. छ वारनी, नव वारनी, सीधा पल्लानी पण. एक वार बोलावी जुओ."

साडी नेसवते, सगळ्या पद्धतीच्या, एकदा बोलावून बघा. बस्स. त्यात ना जिल्हा, ना तालुका, ना मामा. पहिल्यांदा म्हणताना मला अंगावर पदर नसल्यासारखं वाटलं.

त्यानंतर सासूबाईंना वेळकाळ राहिला नाही. मी पाणी भरून आत येतेय, त्या दारात. मी कपडे वाळत घालून वळतेय, त्या मागे उभ्या. शेठाणी झाल्यासारखी मान वाकडी करून विचारायच्या, "तमे कोण?" त्यांची गुजराती तेवढीच. मी म्हणायचं आणि मगच वाट मिळायची. कधी मी चिडायची. भाजी करपतेय म्हटलं तरी हलायच्या नाहीत. आमचे हे तर कामाला निघताना चपला घालता घालता मला ऐकू जाईल असं तेच म्हणायचे, "हुं साडी पहेरावुं छुं," आणि हसत जिना उतरायचे. कामरेजची ती बाई मात्र मला पुन्हा कधी भेटली नाही. हळूहळू मला वाटायला लागलं की पाठांतर झालं, आता परीक्षाच होणार नाही.

मग एके दिवशी जावेबरोबर मार्केटमध्ये गेले. लेस लावून झालेल्या साड्यांचं पोटलं पोचवायचं होतं, एकटीला उचलेना म्हणून मी सोबत. घरातल्याच साडीत होते, पदरावर हळदीचा डाग होता. लिफ्टमध्ये नेहमीसारखी गर्दी, माणसं कमी आणि कापड जास्त. आमच्या पुढ्यात एक शेठ उभे होते, फोनवर वैतागून बोलत होते. नेसवणारी बाई गावाला निघून गेली, मुलगी मेकअप करून बसलीय, फोटोवाला घड्याळ बघतोय, कोणालाही आणा पण आणा.

जावेनं मला कोपर मारलं. मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. इतक्या वेळा म्हटलेलं ते वाक्य कुठे गेलं कोण जाणे. जावेनं दुसऱ्यांदा कोपर मारलं. तेवढ्यात लिफ्ट थांबली, दार उघडलं, शेठ निघाले.

माझी जाऊ अंगानं भरलेली आहे. ती पोटल्यासकट शेठच्या पुढे गेली आणि दारात आडवी उभी राहिली. शेठ बाहेर जाऊ शकत नव्हते, मी बाहेर जाऊ शकत नव्हते, लिफ्टवाला ओरडायला लागला. ती माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "आते ले नाव."

आता घे नाव. दारात बाई आडवी उभी आहे आणि नाव घेतल्याशिवाय सुटका नाही, हे एवढं दिसलं आणि माझ्या जिभेला वाट सापडली. मी म्हणाले, "हुं साडी पहेरावुं छुं. छ वारनी, नव वारनी, सीधा पल्लानी पण. एक वार बोलावी जुओ."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, हळदीच्या डागाकडे पाहिलं, मग माझ्या निऱ्यांकडे. फोनवरच्या माणसाला थांबवलं आणि मला म्हणाले, "आवो."

त्या दिवशी मी चार-सहा साड्या नेसवल्या. केटलॉगमधलं नेसवणं निराळं असतं. समोरून सगळं चोख दिसलं पाहिजे, पाठीमागे चिमटेच चिमटे. मुलगी चालणार नसते, नुसती उभी राहणार असते, तेव्हा मी आधी गोंधळलेच. पण काठ सरळ रेषेत पडला, पहिला फोटो निघाला, शेठच्या बायकोनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाकून पाहिलं आणि पुढची साडी माझ्या हातात दिली. मी तोंडात टाचण्या धरल्या आणि कामाला लागले. तेव्हापासून मी तिथेच जाते. केटलॉगवर माझं नाव नसतं, आणि त्याचं मला काही वाटत नाही. निऱ्या माझ्या आहेत हे मला लांबूनही ओळखता येतं.

मागच्या महिन्यात सासूबाईंनी हट्ट धरला की तू कुठे जातेस ते मला बघायचंय. नवं नऊवारी लुगडं नेसून त्या आल्या. दिव्यांच्या झगमगाटात खुर्चीवर बसून राहिल्या, मॉडेल मुलीला आपादमस्तक न्याहाळून तिला धड जेवायला घालत नसावेत, असं मला अहिराणीत सांगितलं. काम आटोपलं तेव्हा शेठच्या बायकोनं चहा मागवला. माझ्याकडे बघून तिनं दोन शब्दांत कौतुक केलं आणि मग सासूबाईंकडे वळून अदबीनं विचारलं, "अने बा, तमे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, कारण उत्तर ठरलेलंच होतं. हिची सासू. फार तर आज जरा जास्त तोऱ्यात म्हणतील, इतकंच.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. पाठ ताठ केली. "मी मांडा करस," त्या म्हणाल्या. "खापरवरना. लुगडाना गत पातय. एक वार बोलावी जुओ."

त्या बाईला अर्धंच समजलं असावं. खापर म्हणजे पालथं मातीचं भांडं, त्यावर पुरणाची पोळी हातावर फिरवून लुगड्यासारखी पातळ आणि मोठी करून टाकतात, हे मी तिला समजावून सांगितलं. सासूबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. आमच्या घरी सणाला त्या मांडे करतात, लग्नात करतात, कोपरापर्यंत पसरलेली ती पोळी मी वर्षानुवर्षं पाहत आले होते, खात आले होते. शेठच्या बायकोनं विचारलं की दिवाळीला आमच्याकडे येऊन कराल का. "करसू," त्या म्हणाल्या.

परत येताना रिक्षात मी त्यांना विचारलं की हे तुम्ही कधी ठरवलंत. त्या बाहेर बघत होत्या. त्यांना सरळ उत्तर द्यायचा कंटाळा आला असेल असं वाटलं, पण मग म्हणाल्या, "तू दारमा म्हनी राहिंती ना, तव्हय. तुनं सरनं का मी मनं म्हनी लेऊ. मनातल्या मनात."

तू दारात म्हणायचीस ना, तेव्हाच. तुझं झालं की मी माझं म्हणून घ्यायची.