पेनड्राइव्ह साफ झाला तो दिवस

आमच्या घरात कॉम्प्युटर नाही. माझ्याजवळ होता तो फक्त पेनड्राइव्ह, आणि तोही अर्धाच. अर्धा माझ्या मेहकरच्या मित्राचा. तो मेहकरहून आणि मी अमडापूरहून, दोघं एसटीनं चिखलीच्या कॉलेजात येतो. सोमवार ते बुधवार पेनड्राइव्ह माझ्याकडे, नंतर त्याच्याकडे, असं ठरलं होतं.

बीएच्या दुसऱ्या वर्षी मराठीच्या सरांनी प्रकल्प दिला. घरच्या धंद्यातले शब्द गोळा करायचे, धंदा करणाऱ्याचं बोलणं रेकॉर्ड करायचं, नको तो भाग कापायचा आणि शनिवारी जमा करायचं.

माझे बाबा फवारणीचे पंप दुरुस्त करतात. बाजाराच्या दिवशी पोतं अंथरतात, थैलीतून पाने-पक्कड आणि डब्या काढतात, की झालं दुकान. मी मोबाईल समोर धरला तेव्हा ते लाजले.

"मी काय सांगू? वायसर म्हणजे वायसर. नोझल म्हणजे नोझल. हे काय मराठी हाय?"

तरी तासभर बोलले. शेवटी "झालं" म्हणाले. मी मोबाईल बंद करायच्या आत, हात पुसता पुसता, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पहिल्या पंपाच्या खोक्यात एक कागद होता, इंग्रजीतला. मले वाचता येत नव्हता. चित्रावर बोट ठेवून ठेवून एकेक भाग जुळवला. लय वर्षं जपला तो कागद. तू शाळेत गेला तवा तुले देला, मोठा झाल्यावर वाचशीन म्हणून. तू त्याची होडी केली." आणि हसले.

मला ती होडी आठवत नाही. पण ते बोलणं मी त्या दिवशी तीनदा ऐकलं.

आता कापायचं कसं? कॉलेजच्या लॅबमध्ये कोणताही प्रोग्राम टाकायला गेलं की कॉम्प्युटर पासवर्ड मागतो, आणि तो आम्हाला कोणी देत नाही. मित्रानं त्याच्या आतेभावाकडून एक फोल्डर आणलं. आवाज कापायचा प्रोग्राम. तो कॉम्प्युटरमध्ये बसवावा लागत नव्हता, पेनड्राइव्हमधूनच चालायचा.

"पण मंग हा आहे कुठं? कॉम्प्युटरमध्ये की पेनड्राइव्हमध्ये?" मी विचारलं.

"चालून राह्यला ना बे? मंग चालू दे."

मला ते पटलं नाही, पण दुसरं काही समजतही नव्हतं. पडद्यावर खिडकी उघडलेली दिसायची आणि पेनड्राइव्हचा निळा दिवा लुकलुकत राहायचा. मी एक हात त्याच्याजवळच ठेवून बसायचो. फोल्डरमध्ये प्रोग्रामच्या चित्राची एक फाइल होती आणि खाली वाचता न येणाऱ्या नावांच्या शेकडो फाइली. सेव्ह करताना कॉम्प्युटरनं जी जागा दाखवली तिथंच मी बाबांचं रेकॉर्डिंग ठेवलं. ती जागा म्हणजे तेच फोल्डर. रेकॉर्डिंगला नाव दिलं नव्हतं, मोबाईलनं टाकलेला लांबलचक आकडाच राहू दिला. मोबाईल भरला होता, म्हणून तिथलं पुसून टाकलं.

शुक्रवारी दुपारी लॅबमध्ये मित्राकडून पेनड्राइव्ह घेतला. चित्रावर दोनदा टिचकी मारली, तर कोणती तरी फाइल सापडत नाही असा निरोप आला. फोल्डर उघडलं. आत फक्त ते एक चित्र होतं.

"बाकीचं कुठं गेलं?"

"साफ केला मी," मित्र म्हणाला. "किती कचरा जमला होता त्यात. व्हायरस अशेच रायतात ना, उलट्यासुलट्या नावाचे. मेन फाइल ठेवली बरोबर."

तो अभिमानानं सांगत होता. त्याच्या घरी किराणा दुकान आहे, डाळ निवडून ठेवायची त्याला सवय आहे. मी म्हणालो, त्यात माझे बाबा होते. तो आधी हसला, मग फोल्डर पुन्हा उघडून पाहू लागला.

मी रिसायकल बिन उघडलं. रिकामं होतं. लॅबचे दादा म्हणाले, "पेनड्राइव्हमधलं पुसलेलं तिथं येत नाही."

"मग कुठं जातं?"

"कुठंच जात नाही. जाग्यावरच असतं, फक्त दिसत नाही. वरून दुसरं काही भरलं नसलं तर निघतं कधीकधी."

मित्रानं वरून दोन पिक्चर भरले होते. दादांनी प्रयत्न केला. जे निघालं ते उघडलं नाही. जाग्यावर असतं आणि तरी नसतं, हे मला अजून समजलेलं नाही.

घरी आलो तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं आणि बाबा एक पंप खोलून बसले होते. मी जमेल तसं सांगितलं. ते वायसरच्या रबरी चकत्यांची डबी हलवत म्हणाले, "हे डबी त्याच्या हातात देली असती तर तेही फेकली असती. त्याले काय माहीत, पंप याच्यावरच चालते म्हणून. बोल, आता काय पायजे?"

त्यांनी पुन्हा सगळे शब्द सांगितले. या वेळी भरभर, पाढे म्हटल्यासारखे. दहा मिनिटांत संपले. कागदाचं काही निघालं नाही. विचारायचं माझ्या ओठांवर होतं, पण विचारल्यावर सांगितलं असतं तर ते नुसतं उत्तर झालं असतं.

"बंद केला काय मोबाईल?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. बंद केला नव्हता.

ते हात पुसायला लागले. मी वाट पाहत होतो. शेवटी म्हणाले, "मंग ते डबी दे इकडे."

शनिवारी मित्र पहिल्या एसटीनं आला. आतेभावाला उठवून अख्खं फोल्डर पुन्हा आणलं होतं. "यातलं काहीच नाही फेकलं," एवढंच बोलला. प्रोग्राम चालला. माझं खोकणं कापलं, शेजारच्या बकरीचं ओरडणं कापलं. बाबांनी डबी मागितल्यानंतरची शेवटची चार मिनिटं राहिली. पान्याचा आवाज, डबीचा आवाज, बाबांचा श्वास. मी तिथं रेघ ओढली, कापायच्या बटणापर्यंत गेलो आणि परत आलो.

सरांनी ऐकलं. शब्द चांगले आहेत म्हणाले. मग विचारलं, "शेवटी कोणीच बोलत नाही. हे कापायचं राहिलं का?"

मी म्हणालो, हो सर, राहिलं.