दुसऱ्या ‘टक’ला दचकणारं डोकं

आमच्या पांडेसऱ्यात, कापडगिरण्यांच्या वस्तीत, भांडायचं म्हटलं तरी लूमच्या खडखडाटावर आवाज चढवावा लागायचा. त्यात माझ्या दादाला आणखी आवाज ऐकू यायचे, कोणाचेच नसलेले. त्या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा माझं लग्न ठरत होतं. बाबांचा बेत पक्का होता: मुलाकडच्यांना काही बोलायचं नाही आणि लग्नापुरतं दादाला चलथाणला मामाकडे ठेवायचं.

तेवढ्यात दादाच्या डॉक्टरांनी मलाही बोलावलं. अशा आजारात मेंदू आवाजाला जसं उत्तर देतो, तसंच सख्ख्या भावंडांतही दिसतं का, हे ते तपासत होते. निघताना आईने माझं डोकं तेलाने चोपडलं. "दवाखानामा जानं शे नि डोकाले तेल नही? लोके काय म्हनतीन?" मग तपासणीसाठी डोक्याला लावायच्या तारा चिकटतात कशाला! "बेन, आ शुं कर्युं?" म्हणत गुजराती डॉक्टरांनी मला डोकं धुवायला नळाखाली धाडलं. कानात टक-टक अशा जोड्या वाजू लागल्या. शेजारी बसलेला दादा म्हणाला, "मशीन अडकतंय. हिच्या केसातलं तेल घाला." मला हसू आवरेना, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

निकाल मी हट्टाने विचारला. बहुतेकांचा मेंदू जोडीतल्या दुसऱ्या ‘टक’कडे कानाडोळा करतो. माझा, दादासारखाच, दोन्हींना दचकत होता. "अशी खूण घराण्यात उतरते. ती असलेले पुष्कळ जण जन्मभर ठणठणीत राहतात," डॉक्टर म्हणाले. मी भ्याले ते भ्यालेच. पण लपवून लग्न करणं मला जमणारं नव्हतं.

मुलगा कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला होता. तो घरी चहाला आला तेव्हा मी बाबांदेखत सगळं सांगून टाकलं: दादाचा आजार, माझं डोकं, चलथाणचा बेतसुद्धा. बाबांचा चेहरा उतरला. मुलाने कप खाली ठेवला. मला वाटलं, आटोपलं.

"तुना भाऊ मंडपमा नही वना ते मना कान कोन पिळी?" तो म्हणाला.

दादाला बँड सहन होत नाही, मी सांगितलं.

"मंग बँड नको."

खानदेशी वरात आणि बँड नाही, यावरून त्याचे मित्र त्याला अजून छळतात. कानपिळीला दादा नवा सदरा घालून पुढे आला आणि त्याने नवरदेवाचा कान असा पिरगाळला की तो कळवळला. मांडव हसला, दादाही हसला. मी तेवढी रडत होते, आणि बायका म्हणाल्या, सासरी जायचं म्हणून रडतेय.