निर्व्यसनी कामगाराचा सत्कार

ज्या माणसाचा मी निर्व्यसनी कामगार म्हणून सत्कार केला, तो गोळ्यांच्या नशेत होता. म्हणजे सत्कार घेतानाही.

सेलूच्या एका जिनिंगमध्ये मी सुपरवायझर. कापसाचा हंगाम सुरू होताना मशीनची पूजा होते आणि पूजेनंतर एखाद्या गड्याला टॉवेल, टोपी, नारळ द्यायची आमच्याकडे रीत आहे. यंदा माणूस मी निवडला. गाठी बांधायच्या प्रेसवरचा हा गडी दारू पीत नव्हता, पुडी खात नव्हता, भिंती रंगवत नव्हता. उभ्या उभ्या डोळे मिटायचा, त्याला मी शांत स्वभाव म्हणालो. तेही माईकवर. माणूस ओळखावा तर मीच, असं तेव्हा मला वाटायचं. बायकोला वाटत नव्हतं, पण तिला विचारलं कुणी?

दिवाळी झाली आणि एका सकाळी तो गाठींच्या आड ओकताना सापडला. नाक गळत होतं, अंग कापत होतं. मी मलेरिया ठरवून मोकळा झालो.

“साहेब, ताप न्हाई,” तो म्हणाला. “कॅप्सूल मिळंना झालीय.”

मग सगळंच सांगितलं. पाठ धरली म्हणून मेडिकलवाल्यानं कॅप्सूल दिली होती. एकीच्या दोन झाल्या, मग तिच्याशिवाय अंथरुणातून उठवेना. आता मेडिकलवाला डॉक्टरची चिठ्ठी मागायला लागला होता. परभणीच्या दवाखान्यात ही सवय सोडवतात असं त्याला कळलं होतं. थोडी रजा द्या आणि मालकाला तुम्हीच समजावून सांगा, एवढंच त्याचं मागणं.

मला आधी आठवलं माझं भाषण. मालक चारचौघांत हसणार. हंगाम संपू दे, तोवर तोंड बंद ठेव, असं मी त्याला बजावलं. वर, सत्कार झालेल्या माणसाला हे शोभत नाही, हेही ऐकवलं. मूर्खपणाची वाक्यं माझ्या नावावर भरपूर आहेत, पण याच्या जवळपास एकही जात नाही.

त्यानं ऐकलं. कुठून तरी कॅप्सूल मिळवल्या, कामावर येत राहिला आणि एका दुपारी प्रेसवर त्याचा डोळा लागला. उजव्या हाताची बोटं गेली. नशेडी ठेवायला ही धर्मशाळा नाही, म्हणत मालकानं त्याला काढून टाकलं. मी शेजारीच होतो. मान डोलावली.

दवाखान्यात केळी घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, हे अफूच्याच जातीचं औषध. सुटेल हळूहळू, पण आणायला फार उशीर केलात. खाटेशी त्याची बायको बसली होती. तिच्यापुढे मी माझी बाजू सावरायला लागलो. दारू असती तर वासावरून लगेच कळलं असतं, याचा वासच येत नाही, आपण तरी काय करणार.

तिनं केळी माझ्या हातात परत दिली.

“दादा, वास कशाला पायजे व्हता? त्यानं तर तुमाला तोंडानं सांगितलं व्हतं.”